ओळंबा का रुसतो

धाकट्याच्या खोलीची खिडकी पश्चिमेकडे उघडत असे, त्यामुळे सकाळचा उजेड तिथे थेट येतच नसे. तो समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून, माघारी वळून, उसना येई. आधी छताच्या ज्या कोपऱ्यात रंगाला पोपडे धरले होते तिथे, दुधात पाणी घालावे तसा, एक फिकट डाग उमटे. तो खरोखर उमटला आहे की डोळ्यांवरची झोप अजून उतरलेली नाही, हे काही वेळ सांगता येत नसे. नजर दुसरीकडे नेऊन पुन्हा तिथे आणावी, तर तेवढ्यात डागाला कडा फुटलेल्या असत. मग तो सरकू लागे. बाहेर सूर्य वर चढे तसतसा हा उसना उजेड आत खाली उतरे. एकाच गोष्टीच्या या दोन उलट चाली धाकट्याला लहानपणापासून नवलाच्या वाटत आल्या होत्या. छतावरून भिंतीवर येताना उजेड एकदा मोडल्यासारखा वाकडा होई. भिंतीतल्या रिकाम्या खिळ्याला तो लांबच लांब सावली देई आणि खाली गेल्यावर ती काढून घेई. कपाटाच्या माथ्यावरची धूळ, जिच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नसे, तेवढ्या वेळापुरती रुपेरी लव होऊन जाई. शेवटी तो कपाटाशेजारी उभ्या केलेल्या प्रवासी बॅगेवर येऊन थबके. बॅग माळ्यावरून काढल्याला बरेच दिवस झाले होते, पण तिच्यात अजून काहीच भरलेले नव्हते. तिचे कापडी पोट आत गेले होते आणि उजेड त्या खळग्यात साचून राहिल्यासारखा दिसे.

समोरच्या इमारतीत कोणीतरी रोज याच सुमारास खिडकी उघडत असे. काच फिरली की सगळा उजेड एका झेपेत भिंतीवरून पळत जाई आणि दाराबाहेर नाहीसा होई. तो गेल्यावरच धाकटा उठे. यापायी त्याला कार्यालयात पोचायला रोज उशीर होई. पण कार्यालय सख्ख्या थोरल्या बहिणीचे असल्यामुळे आजवर कोणी त्याला त्याबद्दल धारेवर धरले नव्हते.

त्या दिवशी मात्र काच फिरण्याआधीच फोन वाजला.

"छोट्या, उठलास का? तुझा ओळंबा पुन्हा रुसलाय."

ताई पहाटेची माणूस. ती केव्हाच कार्यालयात जाऊन बसली होती.

"काय म्हणतोय?" धाकट्याने उशीवरूनच विचारले.

"तेच ते. अडचण आली आहे, हे ॲड-इन बंद करू का, असं विचारतोय."

"हो म्हणू नकोस."

"म्हटलं."

"ताई!"

"अरे, इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? ते जाऊ दे. तू ये आणि तुझा हात लाव त्याला. दुपारच्या आत मला समितीपुढे उभं राहायचंय, आणि या खेपेला माझी शोभा व्हायला नको."

ताईचे कार्यालय लहानसे, पण कामाचे होते. वाचनालये, दवाखाने, प्रतीक्षालये असल्या जागांची आतली मांडणी ती आखून देई आणि ती स्लाइडवर चढवून समित्यांना समजावून सांगे. या स्लाइड बनवण्याच्या सॉफ्टवेअरला धाकट्याने वरून एक लहानसा प्रोग्राम जोडला होता. अशा वरून जोडलेल्या प्रोग्रामला ॲड-इन म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याचे नाव धाकट्याने आपल्या ॲड-इनला दिले होते: ओळंबा. एका स्लाइडवर कपाट सरकवले की ओळंबा पुढच्या प्रत्येक स्लाइडवरचे तेच कपाट तेवढेच सरकवी, दारांना वाट मोकळी ठेवी आणि मापे जुळवून घेई. लोकांच्या समोर, चालू बैठकीत, कोणी "ही टेबलं जरा तिकडे घ्या की" म्हटले, तर ताई ती हसत हसत तिकडे घेऊ शके. समित्यांना याचे फार अप्रूप वाटे.

पण मागच्या बैठकीत ओळंबा ऐन वेळी बंद पडला. ताईने कपाट सरकवले. ते एका स्लाइडवर सरकले आणि दुसरीवर जागच्या जागी राहिले. नव्या वाचनालयाचे मुख्य दार थेट कपाटात उघडू लागले. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला आणि विचारले, "म्हणजे वाचकांनी कपाटातून यायचं, की पुस्तकांनी दारातून जायचं?" सगळे पोट धरून हसले. ताईही हसली, पण घरी आल्यावर जेवली नाही.

त्या दिवशी धाकटा तिच्यासोबत गेला नव्हता. तो सोबत असे तेव्हा असे कधीच घडत नसे.

याच गोष्टीवर त्याने आपले सगळे ओझे टेकवले होते. दूरच्या एका शहरात, इमारतींच्या आत पोचणारा दिवसाचा उजेड मोजणारी एक संस्था होती. कोणत्या ऋतूत, कोणत्या खोलीत, तो कुठवर येतो आणि कशावरून परततो, हे तिथली माणसे वर्षानुवर्षे टिपत बसतात, हे धाकट्याने पुन्हा पुन्हा वाचले होते. आपण एकट्याने, पांघरुणातून, जे पाहत आलो, ते कोणाचे तरी रीतसर काम आहे! त्याने कोणाला न सांगता अर्ज केला, आणि त्याची निवड झाली. आई म्हणाली, "तुझं तू ठरव." ताई म्हणाली, "जा." तो म्हणाला, "ओळंबा मार्गी लागला की जातो. असं अर्ध्यावर टाकून कसं जाऊ? माझ्यावाचून तुझं अडतं." संस्थेने दोनदा विचारणा केली होती. आज होय किंवा नाही कळवण्याचा शेवटचा दिवस होता.

कार्यालय पहिल्या मजल्यावर होते. खाली कुलुपे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान, आणि त्याच्या कानशीच्या आवाजावर पाय टाकत वर जाणारा अरुंद जिना. आत तीन टेबले, एक प्रिंटर, खिडकीशी ठेवलेली एक कुंडी. तिच्यात काय लावले होते हे कोणालाच आठवत नव्हते, आणि जे उगवले होते त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. मधल्या टेबलावर नकाशांच्या ढिगाऱ्यात आरेखक काका बसत. ताईच्या कामाला सुरुवातीपासून तेच होते. प्रत्येक गोष्टीवर शंका काढण्याच्या त्यांच्या सवयीमुळे बहीणभावंडे त्यांना आपापसात शंकासुर म्हणत. काकांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

"आले वैद्यबुवा," धाकटा दारात दिसताच काका म्हणाले. "रोगी केव्हाचा तळमळतोय."

धाकट्याने खांद्यावरची पिशवी उतरवली, आपला लॅपटॉप कोपऱ्यातल्या टेबलावर उघडून ठेवला आणि ताईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. ताई उठली. त्याने सॉफ्टवेअरच्या पर्यायांमध्ये जाऊन बंद पडलेल्या ॲड-इनांची यादी काढली, तीत ओळंब्यापुढच्या चौकोनात खूण केली आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले. वरच्या पट्टीवर दोरी-वजनाचे लहानसे चिन्ह निमूटपणे येऊन बसले.

"बघा!" ताई म्हणाली. "मी सकाळपासून हेच करतेय. हाच चौकोन, हीच खूण. माझ्या हाताला काय काटे आहेत?"

"याचा पायगुण चांगला," काका म्हणाले. "आला की चालतं, गेला की बसतं."

एरवी इथे सगळे हसत आणि कामाला लागत. पण आज धाकट्याच्या मनात काहीतरी चाळवले. उजेडाचा डाग कुठून येतो हे लहानपणी त्याला कळले नव्हते, तेव्हा तो किती दिवस भिंतीला डोळे लावून बसला होता. तसलीच अधीरता त्याला आत्ता जाणवली. गेले कित्येक आठवडे त्याने या ओळंब्यापुढे हात टेकले होते. सगळी ॲड-इन बंद ठेवून सॉफ्टवेअर उघडून झाले होते, मग एकेक करून ती चालू करून झाली होती. प्रिंटरबरोबर आलेल्या एका जुन्या ॲड-इनवर त्याचा दाट संशय होता. ते काढून टाकले. सगळे सॉफ्टवेअर उतरवून नव्याने चढवले. गुन्हेगार सापडेना, कारण तपासनीस हजर असेपर्यंत गुन्हाच घडेना.

"काका," तो म्हणाला, "पायगुण म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बोटात काही आहे, की मी नुसता खोलीत असल्यानं चालतं? वेगवेगळं करून बघू या का?"

काकांनी पेन्सिल कानामागे अडकवली. अशा प्रश्नाची ते आयुष्यभर वाट पाहत आले असावेत. "बघू या ना! ताई, तुम्ही बसा खुर्चीत. तू बोटं खिशात घाल."

ताईने सॉफ्टवेअर बंद करून स्वतः उघडले. ओळंबा आला. काकांनी ताईला उठवून स्वतः उघडले. ओळंबा आला.

"बोट सुटलं," काका म्हणाले. "आता तू बाहेर हो."

"कुठे?"

"जिन्यात. नाही, जिन्यात नको, जिना जवळ पडतो. खाली रस्त्यावर जा."

"काका, काहीतरीच तुमचं," ताई म्हणाली, पण धाकटा केव्हाच पायऱ्या उतरू लागला होता.

रस्त्यावर सकाळ आता चांगली तापली होती. कुलूपवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा किल्लीवर कानस चालवली. धाकटा पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि वरच्या खिडकीकडे पाहू लागला. काचेत आभाळाचा तुकडा होता, त्यामागे काय चालले आहे ते दिसत नव्हते. आपण नसलेली आपली खोली बाहेरून कशी दिसते, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. ती तशीच दिसत होती.

खिडकी उघडली. ताईने कुंडीवरून वाकून हाक मारली, "चाललं रे! तू नसतानाही चाललं!"

तिच्या आवाजात निखळ आनंद होता. धाकट्यानेही हात हलवला. पण त्याच वेळी, पायरी चुकावी तसा, आत कुठेतरी त्याचा तोल जरासा गेला. हे कशाने झाले, हे पाहायला तो थांबला नाही. तो रस्ता ओलांडून परत आला.

वर काका येरझारा घालत होते. "बोट नाही, तूही नाहीस. मग सकाळी काय वेगळं होतं? ताई, सकाळी दिवा होता?"

"नव्हता."

काकांनी दिवा घालवला. ओळंबा आला.

"पंखा?"

"नव्हता."

पंखा बंद झाला. ओळंबा आला.

"प्रिंटर?"

"काका, आता त्या कुंडीला पण बाहेर काढा!"

"काढीन. माझा तिच्यावर पहिल्यापासून डोळा आहे."

धाकटा दारातच उभा होता. दिवा, पंखा, प्रिंटर सगळेच बंद असल्याने खोलीत अचानक शांतता झाली होती, आणि त्या अर्धवट अंधारात एकच गोष्ट जागी होती: कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा उघडा लॅपटॉप. कार्यालयात आला की धाकटा आधी तो उघडी. बैठकीला ताईसोबत गेला की तिथेही तिच्या शेजारी उघडून ठेवी, आणि दोन्ही यंत्रे आपल्याच फोनच्या इंटरनेटवर जोडून घेई. कशासाठी? हाताशी असावा म्हणून. सवय म्हणून.

"मी खाली गेलो," तो हळूहळू म्हणाला, "पण हा वरच राहिला होता."

दोघांनी त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिले. धाकटा पुढे झाला आणि त्याने लॅपटॉप मिटला. ताईने आपले सॉफ्टवेअर बंद केले आणि उघडले. पडद्यावरचे चक्र फिरू लागले. ते फिरले, अडखळले, पुन्हा फिरले. जणू कोणी बंद घराचे दार ठोठावत होते आणि आतून कोणीतरी येईल म्हणून थांबले होते. मग पडद्यावर एक चौकट उघडली आणि अदबीचा तो प्रश्न आला: हे ॲड-इन लोड करताना अडचण आली आहे. ते बंद करायचे का?

"सापडला!" काका इतक्या जोरात ओरडले की खालची कानस थांबली.

उरलेले काम फार थोडे होते. ओळंबा ज्या ओळींनी लिहिला होता त्या धाकट्याने उघडल्या. वरच्याच बाजूला ती ओळ होती. दारे, कपाटे, वाटा यांच्या सगळ्या मापांची फाईल कुठून उचलायची हे ती सांगत होती, आणि तिच्यात त्याच्याच लॅपटॉपचे नाव होते. त्या यंत्राला त्याने एकदा गमतीने 'कोपरा' असे नाव दिले होते. कोपऱ्यात जा, तिथल्या सामायिक फोल्डरमधून मापे आण, असे ती ओळ प्रत्येक यंत्राला रोज सकाळी सांगत होती. कोपरा जागा असला तर मापे मिळत. तो मिटलेला असला, दूर असला, तर ओळंबा दाराशी ताटकळत उभा राही, आणि इतका वेळ लावणाऱ्याला सॉफ्टवेअर बाजूला सारी.

"हे असं का केलं होतंस?" ताईने विचारले. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसते कुतूहल होते.

"तेव्हा मापं रोज बदलत होती. एका जागी बदलली की सगळीकडे नवी जावीत, म्हणून. तात्पुरतं."

"आणि मग?"

"मग राहून गेलं."

"आता काय करायचं?"

"मापं ओळंब्याच्या पोटातच घालायची. म्हणजे त्याला कोणाकडे जावं लागणार नाही." तो थांबला. "पण नीट तपासून बघायला हवं. दोन-तीन दिवस तरी..."

"फाईल इथली उचलून तिथे ठेवायला दोन-तीन दिवस?" काका म्हणाले. "पायी नेणार आहेस काय?"

ताईने फक्त त्याच्याकडे पाहिले. लहानपणी तो शाळेच्या दिवशी पोटात दुखते म्हणे तेव्हा, पांघरूण न ओढता, ती अशीच पलंगाशी उभी राहत असे. धाकट्याने मान खाली घातली आणि ती ओळ बदलली. फाईल आत गेली. ओळंब्याची नवी प्रत ताईच्या यंत्रावर चढली. मग त्याने आपला लॅपटॉप नुसता मिटला नाही, पूर्ण बंद केला. त्याच्या आतल्या पंख्याचा बारीक आवाज थांबला, कडेचा हिरवा ठिपका विझला. ताईने आपल्याकडे सॉफ्टवेअर उघडले, आणि दोरी-वजनाचे चिन्ह, कोणालाही न विचारता, आपल्या जागी येऊन बसले.

ताईने एका स्लाइडवर कपाट सरकवले आणि भराभर पुढच्या स्लाइड पाहिल्या. सगळीकडे ते सरकले होते. दारे मोकळी होती.

"झालं," ती म्हणाली आणि तिने आवराआवर सुरू केली.

"मी येतो सोबत."

"कशाला?"

"अडलं तर."

"अडलं तर फोन करीन." तिने केस सारखे केले, लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली. दाराशी जाऊन ती वळली. "तुझं उत्तर आज जायचंय ना?"

"बघतो. आधी तुझी बैठक होऊ दे."

"माझ्या बैठकीचा नि त्याचा काय संबंध?" असे म्हणून ती जिना उतरू लागली. तिची पावले कानशीच्या आवाजात मिसळली आणि ऐकू येईनाशी झाली.

मग वाट पाहणे आले. काका नकाशावर वाकले. धाकटा आपल्या टेबलाशी बसला. समोर मिटलेला लॅपटॉप होता; तो त्याने मुद्दामच उघडला नाही, कारण खरी परीक्षा तीच होती: कोपरा झोपलेला, आणि ओळंबा दूर कुठेतरी एकटा. फोन त्याने लॅपटॉपच्या पाठीवर ठेवला, पडदा वर करून. खिडकीतला उजेड आता थेट येत होता. कुंडीतल्या त्या निनावी रोपाची सावली जमिनीवर पडली होती आणि फरशीच्या एका सांध्याकडून दुसऱ्या सांध्याकडे इतक्या सावकाश चालली होती, की ती चालताना दिसत नव्हती, फक्त चालून गेलेली दिसत होती.

ओळंबा अजूनही कशाकशाने बिघडू शकेल, याचा तो विचार करू लागला. तिथला प्रोजेक्टर जोडताना सॉफ्टवेअर पुन्हा उघडावे लागेल आणि चक्र अडखळेल. नव्या प्रतीवर विश्वास ठेवायचा का, असे यंत्र विचारेल, आणि ताई घाईत नाही म्हणेल. एखादे माप आत जायचे राहिले असेल. दाराचे गेले असेल, पण जिन्याचे नसेल. शक्यता एकीतून दुसरी निघत होत्या आणि त्याला त्यांचा कंटाळा येत नव्हता. उलट प्रत्येक नव्या शक्यतेशी तो थोडा सैलावून, मांडी ठोकून बसत होता. फोन गप्प होता. बैठक आता सुरू झाली असेल. आता अध्यक्षांनी चष्मा पुसला असेल. आता कोणीतरी म्हणाले असेल, हे कपाट जरा...

फोन वाजला.

धाकटा ताडकन उठला. "काय झालं ताई? बंद पडला?"

"काय बंद पडलं? अरे, काका आहेत का तिथे? केव्हाची लावतेय, उचलत नाहीत."

काकांचा फोन नकाशांच्या ढिगाखाली, नेहमीप्रमाणे, गाडला गेला होता. धाकट्याने आपला फोन त्यांच्यापुढे धरला. "हां ताई," काका म्हणाले. "आतल्या बाजूला. आतच उघडायचं ते दार. हो, पल्ला पुरतो. कपाट सरकवलंत ना? मग झालं की. ते काय म्हणतात? खिडकीकडे? घ्या, घ्या, तिकडेही बसेल." ते हसले, आणखी काहीतरी ऐकून पुन्हा हसले आणि फोन परत देऊ लागले.

"ताई," धाकट्याने घाईने विचारले, "ओळंबा?"

"त्याचं काय?"

"चालतोय?"

"अरे, चालतोय म्हणून तर कपाट सरकलं! चल, सगळे माझ्याकडे बघतायत. ठेवते."

धाकटा फोन हातात धरून उभा राहिला. काकांनी ढिगाऱ्यातून आपला फोन उकरून काढला, तो पुसला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत राहिले.

"मला एक शंका आहे," ते म्हणाले.

"काढा."

"फोन वाजला तेव्हा तुझा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, तुला कोणी बक्षीस देतंय. आणि सगळं ठीक चाललंय म्हटल्यावर पडला. हे उलट व्हायला हवं होतं की नाही?"

धाकट्याने फोन टेबलावर ठेवला. काकांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कानामागची पेन्सिल काढून ते पुन्हा नकाशाकडे वळले, आणि थोड्या वेळाने, कागदाकडेच पाहत, म्हणाले, "तो पंखा लाव रे. उगाच बंद ठेवलाय. त्याचा काही दोष नव्हता."

धाकट्याने पंखा लावला. दिवा लावला. मग खुर्ची ओढून बसला आणि लॅपटॉप सुरू केला. आता तो केव्हाही सुरू केला तरी चालणार होते; त्याच्यावर कोणी टेकलेले नव्हते. संस्थेचा निरोप उघडून त्याने उत्तर लिहायला घेतले. येतो, एवढे लिहायला त्याला वाटले होते त्यापेक्षा कमी वेळ लागला. हात चालून गेला आणि मग लक्षात आले, की लिहून झाले आहे. पण दोनदा विचारूनही गप्प राहिलो, त्याबद्दल काहीतरी सांगायला हवे होते. त्याने लिहिले, इथल्या कामात एक तांत्रिक अडचण होती. ते पुसले. बहिणीला माझी मदत लागत होती. खिडकीतून आत आलेल्या उजेडात ते वाक्य काही वेळ पडद्यावर राहिले, आणि तेही त्याने पुसले. आईचे लिहायला त्याने सुरुवातच केली नाही. आईने त्याला कधी अडवले नव्हते. सकाळी काकांनी दिवा, पंखा, प्रिंटर एकेक करून बाजूला केले होते, तशी कारणे बाजूला होत गेली, आणि शेवटी जे राहिले ते त्याने जसेच्या तसे लिहिले:

मी येतो आहे. उत्तराला उशीर झाला, कारण मला भीती वाटत होती.